परत येणं म्हणजे पडणं का?

सगळं सोडून गेलेल्या माणसाला आपण हात जोडतो. आपल्या मळखेडच्या अमोघवर्ष राजाने राज्य सोडल्याचं परंपरा सांगते, ते ऐकताना आजही अभिमान वाटतो. पण जो गेला आणि परत आला, त्याचं काय? त्याच्याबद्दल आपण हळूच म्हणतो, 'जमलं नाही हो त्याला.'

लिओनार्ड कोहेन हा कॅनडातला कवी, स्वतः गाणी लिहून गाणारा. साठीला आल्यावर, १९९४ साली, तो लॉस एंजेलिसजवळच्या डोंगरावरच्या झेन मठात राहायला गेला. तिथे म्हाताऱ्या गुरूंसाठी स्वयंपाक केला. १९९६मध्ये रीतसर भिक्षू झाला आणि १९९९मध्ये डोंगर उतरून आला. त्यानंतर तो मुंबईला येऊन रमेश बाळसेकरांच्या घरी सत्संगालाही बसायचा. निसर्गदत्त महाराजांचं मराठी बोलणं इंग्रजीत नेणारे ते हेच बाळसेकर.

पुढे कळलं, की विश्वासातल्या माणसानेच त्याची म्हातारपणाची पुंजी संपवली. मग २००८मध्ये, ७३व्या वर्षी, तो पुन्हा गावोगाव गायला निघाला.

आपल्या मुनिदीक्षेशी याची तुलना नको. ते महाव्रत आजन्माचं असतं. पण प्रश्न उरतोच. गरजेपोटी पुन्हा कामाला लागला म्हणजे आधीची साधना वाया गेली का?

मला तसं वाटत नाही. त्या कार्यक्रमांत साथीदार वाजवू लागला, की कोहेन टोपी काढून हातात धरायचा आणि उभा राहून ऐकायचा. लोक त्याला बघायला आलेले, आणि हा दुसऱ्याला मान देतोय! विनय हे आपल्याकडे अंतरंग तप मानलंय. मठ सुटला, पण ते तप काही सुटलं नाही.

हयातीत आलेला शेवटचा अल्बम 'यू वॉन्ट इट डार्कर'. पाठीचं दुखणं इतकं, की घरातच खास खुर्चीत बसून तो गायला. मुलगा ॲडम निर्माता. साथीला माँट्रियलमधल्या, त्याच्या लहानपणच्या ज्यू प्रार्थनास्थळाचा गायकवृंद. गाण्यांत मरणाशी सरळ बोलणं, रडगाणं नाही. २१ ऑक्टोबर २०१६ला अल्बम आला, ७ नोव्हेंबरला तो गेला. वय ८२.

आपल्याकडे नवरा गेल्यावर साठीतली बाई कडक भाकरी, शेंगाची चटणी विकायला लागते. लोक म्हणतात, 'एवढे उपास केले, शेवटी पैशामागेच ना?' पण तिच्या उपासांचं फळ कुठे बघायचं? गिऱ्हाइकाशी ती कशी बोलते, मापात खोट करते का, मदतीला आलेल्या पोरीला कसं वागवते, तिथे. तेवढं बघून मग बोलावं. बहुतेक वेळा बोलायची गरजच उरणार नाही.