रस कोणाचा?

रस, म्हणजे जिभेला कळणारा गुण, वैशेषिक मतानुसार द्रव्यातच वसतो. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त त्याचे मधुर, अम्ल, लवण, कटु, कषाय आणि तिक्त असे सहा प्रकार सांगितले असून पृथ्वीत ते सहाही, तर पाण्यात केवळ मधुर रस मानला आहे. डहाणू तालुक्यातील रानशेतच्या परिसरात प्यायली जाणारी ताडी या सिद्धान्ताची चांगलीच परीक्षा पाहते, कारण फुलोऱ्याला काप देऊन मडक्यात थेंबथेंब उतरवलेला हा रस पहाटे गोड असतो आणि यीस्टमुळे काही तासांतच आंबून फेसाळतो. नैयायिक याला पाक, म्हणजे तेजाच्या संयोगाने होणारे गुणांतर, म्हणतील. चूल नसली तरी ऊन आहेच, ही पळवाट चतुर असली तरी अपुरी वाटते.

सोबतीच्या घासाने तर पेच वाढतोच. आल्प्सच्या उतारावरील वाल्तेल्लिना खोऱ्यात नेब्बिओलो द्राक्षांपासून होणारी लाल वाइन कषाय, म्हणजे तुरट असते. तिथल्याच बित्तो चीजचा तुकडा तोंडात असताना त्यातील प्रथिने आणि स्निग्धता हा तुरटपणा मवाळ करतात. भाजलेल्या सुक्या बोंबलाच्या खारटपणापुढे आंबूस ताडीही काहीशी गोडच लागते. तेव्हा रस एकाच द्रव्याच्या मालकीचा मानणे कठीण जाते.

डहाणूकडच्या वारली समाजात ताडी पिण्यापूर्वी देवांच्या आणि पूर्वजांच्या नावाने थोडे थेंब जमिनीवर सांडतात. म्हणजे पहिला वाटा जिभेचा नसतोच, तो जातो पृथ्वीकडे, जिथे तर्कसंग्रहकाराने सहाही रस ठेवले होते.