काय खायला घालतेस तिला?

लेकीच्या उजव्या कानामागे रुपयाएवढी चाई दिसली तेव्हा ती अकरा वर्षांची होती. साताऱ्याच्या आत्याला फोनवर सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘अगं, काय खायला घालतेस तिला?’

आत्याच्या मनात मायाच होती. पण तिचा तो प्रश्न पुढे वर्षभर आमच्या घरात मुक्कामाला राहिला. आम्ही इरुंगाट्टुकोट्टैला राहतो, चेन्नई–बेंगळुरू महामार्गालगत, गाड्यांच्या कारखान्यांच्या शेजारी. इथल्या शेजारणीने चाईसाठी तमिळ शब्द दिला : पुळुवेट्टु. पुळु म्हणजे कीड, वेट्टु म्हणजे कापणं. किडीने कातरलेले केस. जुन्या वैद्यकात याला इंद्रलुप्त म्हणतात. डॉक्टरांचा ‘अलोपेशिया’ निघाला ग्रीकमधल्या कोल्ह्यापासून, खरजेने लव झडलेल्या कोल्ह्यापासून. भाषांतर हा माझा व्यवसाय, त्यामुळे काळजी वाटली की मी शब्द घेऊन बसते. कीड, देव, कोल्हा. यातल्या एकाही शब्दात आईचा स्वयंपाक नव्हता.

तो आला ‘पथ्य’ या शब्दाबरोबर. मराठीत पथ्य, तमिळमध्ये पत्तियम. दोन्हीकडे एकच शब्द. आणि पथ्य म्हटलं की मागोमाग कुपथ्य येतं, आणि कुपथ्य म्हटलं की ते करणारा कुणीतरी शोधावा लागतो.

मी गहू बंद केला. दही, साखर, बाहेरचं सगळं बंद. सकाळी आवळा, रात्री बायोटिनच्या गोळ्या. तीन महिन्यांनी त्या चाईत पांढरी, मऊ लव उगवली. मी आत्याला फोन करून आवळ्याचं कौतुक केलं. आणखी चार महिन्यांनी दोन नव्या चाया पडल्या. पथ्यात एका दिवसाचाही खंड नव्हता.

त्वचारोगाच्या डॉक्टरबाईंनी शांतपणे समजावलं. शरीराच्या संरक्षक पेशी केसाच्या मुळालाच परकं समजून त्याच्यावर चालून जातात. मूळ मरत नाही, म्हणून केस परत येऊ शकतात. चाई लहान असेल तर पुष्कळांचे ते वर्षभरात काहीही न करता येतात. माझ्या आवळ्याला श्रेय मिळालं ते या ‘काहीही न करता’चं. यात आनुवंशिकतेचा वाटा आहे. अमुक आहाराने केस परत येतात असं चाचण्यांतून सिद्ध झालेलं नाही. अशा रुग्णांत ‘ड’ जीवनसत्त्व कमी असल्याचं बरेचदा आढळतं. ते कमी असेल तर भरून काढावं, पण केसांच्या आशेने नव्हे. लोह कमी पडलं तरी केस गळतात, पण ते गळणं वेगळं, डोकंभर विरळ होणारं. गव्हाचा खरोखरच आजार असलेल्यांनी गहू सोडलाच पाहिजे. लेकीची तपासणी केली, तिला तो नव्हता. बायोटिन ऐकून मात्र बाई हसल्या. त्याने थायरॉइडच्या रक्ततपासणीचे आकडे चुकू शकतात, आणि आम्ही तीच तपासणी करायला आलो होतो. गंभीर आजारासाठी आता नवी औषधं आहेत. त्यांतल्या पहिल्याला, बॅरिसिटिनिबला, २०२२ मध्ये अमेरिकेत प्रौढांसाठी मान्यता मिळाली. आम्हाला तूर्त लावायचं मलम मिळालं.

मग २०२५ चा जानेवारी आला आणि आत्याचा पुन्हा फोन. ‘बघ, शेगावला काय झालं!’ बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड अशा गावांत माणसांना काही दिवसांत टक्कल पडत होतं. आधी पाण्यावर संशय गेला, कुणी शाम्पूला नावं ठेवली, ‘टक्कल व्हायरस’ असंही म्हणून झालं. आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं पथक आलं. विंचूदंशावरच्या कामामुळे महाराष्ट्राला ठाऊक असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी नमुने तपासून घेतले आणि रेशनच्या गव्हातल्या अतिरिक्त सेलेनियमकडे बोट दाखवलं.

म्हणजे गहूच! आत्याचा मुद्दा बिनतोड वाटला. तो आजार वेगळा, तिथे शरीर स्वतःवर उलटलं नव्हतं, हे उत्तर मला लगेच सुचलं. पण मी अडले ते दुसऱ्याच ठिकाणी. धरून चालू की कारण खरोखर अन्नच होतं. तरी त्या घरांतल्या बाईने काय चुकीचं केलं? रेशनचा गहू आणला, दळला, पोळ्या केल्या. कारण तिच्या ताटात सापडलं, म्हणून दोष तिच्या हातात जातो का? ‘दोष’ या शब्दाने आपली चांगलीच पंचाईत केली आहे. वैद्य म्हणतात ते वात-पित्त-कफ हेही दोष, आणि सासू देते तोही दोषच. एकातून दुसऱ्यात आपण कधी उतरतो ते कळतही नाही.

माझी अडचण याहून खाजगी होती. मला दोष हवा होता. चूक माझी असेल तर ती सुधारता आली असती. उद्या ताक बंद करता येतं. लेकीच्या पेशींना मात्र समजावता येत नाही. त्या वर्षीचं पथ्य तिच्यासाठी कमी आणि माझ्या हातांना काम म्हणून जास्त होतं, हे कबूल करायला मला वेळ लागला. आणि त्याची किंमत ती देत होती. मैत्रिणीच्या वाढदिवसाला ती केक न खाता परत आली आणि रात्री अंधारात विचारलं, ‘आई, मी काय खाल्लं होतं गं, म्हणून असं झालं?’

आत्याचाच प्रश्न, तो माझ्यामार्फत तिच्यापर्यंत पोचला होता.

चाया वाढल्या तेव्हा तिनेच केस बारीक कापून घेतले. मी घाबरले. आमच्या घराण्यात बाईचं बोडकं डोकं म्हणजे पणजीचं केशवपन, ज्याविषयी कुणी मोठ्याने बोलत नसे. इथे बसथांब्यावरच्या बायकांनी फक्त विचारलं, ‘तिरुपती की तिरुत्तणी?’ नवस फेडून आली असेल, एवढंच त्यांच्या मनात आलं. लेकीने ‘तिरुपती’ ठोकून दिलं. आल्यावर मला म्हणाली, ‘लाडू मागितला नाही कुणी, नशीब.’

या दिवाळीत आत्याने भाजणी पाठवली. सोबत चिठ्ठी : यात गहू आहे, चालेल ना? मी फोन केला. म्हटलं, ‘चालेल गं. सगळं खाते आता ती.’ मागून लेक ओरडून विचारत होती, थालीपिठाला लोणी आहे का.