समता आणि समन्याय

इंग्रजींत ‘इक्वॅलिटी’ व ‘इक्विटी’ असे दोन शब्द आहेत. दोहोंचें मूळ ‘सम’ या अर्थाच्या एकाच लॅटिन शब्दांत असल्यामुळें कानाला ते सख्खे भाऊ वाटतात. पहिल्यास आम्ही समता म्हणूं, दुसऱ्यास समन्याय. सर्वांस एकच माप लावलें काय, हें समता पाहते. तें माप प्रस्तुत प्रसंगीं लागू पडतें काय, हें समन्याय पाहतो. ॲरिस्टॉटलनें समन्यायास लेस्बॉस बेटांतील गवंड्यांच्या शिशाच्या पट्टीची उपमा दिली आहे. ती पट्टी दगडाच्या आकाराप्रमाणें वांकते.

या भेदाचें उदाहरण शोधावयास आम्हां करवीरकरांस दूर जावें लागत नाहीं. छत्रपति शाहू महाराजांनीं २६ जुलै १९०२ च्या हुकुमानें संस्थानांतील यापुढें रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं निदान शेंकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांसाठीं राखून ठेविल्या. परीक्षा सर्वांस सारखी असतां हा पक्षपात कां, असा प्रश्न अशा तरतुदींविषयीं आजहि विचारला जातो. पण ज्याच्या घरीं पिढ्यान्‌पिढ्या विद्या नांदली आणि ज्याच्या घरीं ती येऊंच दिली नाहीं, त्या दोघांपुढें एकच प्रश्नपत्रिका ठेवणें ही मापाची समता झाली, माणसांची नव्हे.

मात्र वांकणारी पट्टी धोक्याचीहि असते. ती वाटेल तशी वांकूं लागली म्हणजे न्याय सुटून मेहेरबानी उरते. त्या हुकुमाचें महत्त्व आम्हांस येथेंच दिसतें. ज्या खात्यांत मागासलेल्या वर्गांचें प्रमाण निम्म्याहून कमी, तेथें पुढील नेमणूक त्या वर्गांतून व्हावी, असें त्यांत होतें. पट्टी कोठें व किती वांकवावयाची, हें धन्याच्या मर्जीवर न ठेवतां आंकड्यानें ठरविलें होतें. पुढें १९१७ मध्यें प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत करण्याचा कायदा झाला. विषमतेच्या मुळाशींच हात घालण्याचा तो यत्न होय.

१९५० मध्यें अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या सोळाव्या कलमांत समान संधि व राखीव जागा शेजारीं शेजारींच आहेत. दुसरी तरतूद पहिलीचा अपवाद नसून तिचेंच एक अंग आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९२ मध्यें मंडल खटल्यांत मानलें.

म्हणून समतेच्या नांवानें सवलतीस विरोध करणारास आम्ही विचारूं, आरंभ सारखा होता काय? आणि सवलतीचा कैवार घेणारासहि विचारूं, तिचें माप कोणतें व तें पुरें झालें हें कशावरून ओळखावयाचें? दोन्ही प्रश्नांस उत्तर देण्याची ज्याची तयारी नाहीं, त्यानें या दोहोंपैकीं एकहि शब्द उच्चारूं नये.