विचारणाऱ्याची जबाबदारी

पुणेकर मत द्यायला कचरतो, असे त्याचा शत्रूही म्हणणार नाही. चहात साखर किती असावी येथपासून मुठेचे पात्र कसे राखावे येथपर्यंत त्याचे मत तयार असते. ते विचारावेही लागत नाही. परंतु हाच गृहस्थ पिंपरीच्या कारखान्यात किंवा हिंजवडीच्या कचेरीत ‘आपल्या सूचना मोकळेपणाने कळवा’ असा कागद हाती आला की मूग गिळून बसतो. ‘सर्व ठीक आहे’ एवढे लिहितो आणि साहेबांचा उद्धार घरी जेवताना करतो.

वरिष्ठ म्हणतात, माणसांना बोलायचेच नसते. मला हे पटत नाही.

नारायण मेघाजी लोखंडे यांचेच पाहा. जोतीराव फुल्यांनी पुण्यात १८७३ साली स्थापलेल्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते. मुंबईत ‘दीनबंधु’ पत्र चालवीत. १८८४ मध्ये सरकारने कारखान्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला, तेव्हा त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि ५,५०० कामगारांच्या वतीने अर्ज पुढे केला. मागण्या कोणत्या? रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झाल्यास बरे होईपर्यंत पूर्ण वेतन. कोठे दुखते ते इतके नेमके सांगणारी माणसे मुकी कशी म्हणावीत? रविवारची सुट्टी मिळायला मात्र १८९० साल उजाडले.

बोलण्याला तोटा नाही. तोटा असतो तो ऐकल्यानंतरच्या कृतीचा. अमेरिकेत शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२८ ते १९३० या काळात हजारो कामगारांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. ठरावीक प्रश्नांना माणसे भलतीच उत्तरे देत, म्हणून पुढे प्रश्न बाजूला ठेवून नुसते ऐकायचे ठरले. तेथील एक हकीकत सांगतात. एका बाईने उपाहारगृहातील जेवणाची तक्रार केली आणि काही दिवसांनी, जेवण सुधारले म्हणून आभार मानले. वास्तविक काहीच बदलले नव्हते! चतुर व्यवस्थापकाला ही गोष्ट फार आवडेल. मला तिची भीती वाटते. ऐकल्याने माणूस निवतो, हे कळल्यावर केवळ निववण्यासाठी ऐकणे म्हणजे रडत्या पोराच्या हाती खुळखुळा देणे.

निनावी चिठ्ठीला पुष्कळजण भेकडपणा म्हणतात. पण ज्या कचेरीत नाव घालायची छाती होत नाही, तेथली भीती कोणी निर्माण केली? आणि चार माणसांच्या खात्यात वय व नोकरीची वर्षे लिहून घेतल्यावर नाव झाकून उपयोग काय? प्रामाणिक मालकाने याहून सोपे करावे: काय होईल, काय होणार नाही आणि का, हे महिन्याच्या आत सांगावे. ‘नाही’सुद्धा माणसे ऐकून घेतात, त्यांना सोसत नाही ते मौन.

हे सारे कारखान्याचे झाले. आपले घर हेही कोणाचे तरी कामाचे ठिकाण असते. १९८० मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला, संघटना उभारली. तेव्हा कोठे पुष्कळ घरांना कळले, की आजारपणाची रजा हाही बोलण्याचा विषय आहे. यंदा बोनसचे पाकीट देताना, भाऊबीजेला माहेरी जायचे आहे का, असे बाईंना जरूर विचारावे. फक्त त्या ‘हो’ म्हणाल्या, तर त्या दिवशी भांडी कोण घासणार, हे घरात आधी ठरलेले बरे.