जोड आणि भर

जुळे सोलापुरात आतड्याच्या जुनाट दाहावर, म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्सवर, चार लोक बोलायला बसले की शेवटी सगळं ‘समन्वया’वर येऊन थांबतं. ॲलोपॅथीने रक्त थांबवायचं, आयुर्वेदाने मुळावर काम करायचं, योगाने मन शांत करायचं. तिन्ही एकत्र घ्या, आतडं भरून येईल. यावर सगळ्यांच्या माना डोलतात, कारण या मतात कुणीच दुखावलं जात नाही. माझा आक्षेप तिथेच आहे.

सगळं टेन्शनमुळे होतं असं मानणाऱ्यांशी वाद घालायचं मी सोडून दिलं आहे. गहू सोडा म्हणणाऱ्यांनी सोलापुरात यावं, इथे ज्वारीची भाकरी खाणाऱ्यांनाही हा आजार होतो. समन्वयवाल्यांना मात्र सोडता येत नाही, कारण त्यांचं निम्मं म्हणणं खरं आहे. या आजारात एका औषधावर भागत नाही, हे अनेक रुग्णांच्या बाबतीत खरंच आहे. प्रश्न आहे तो दुसरं औषध कशासाठी घ्यायचं याचा.

अशा घरातला औषधांचा डबा उघडून बघा. मेसालामिनच्या गोळ्या, कमी करत आणलेलं स्टेरॉइड, प्रोबायोटिकच्या पुड्या, कुटजारिष्टाची बाटली, बेलाचा मुरंबा आणि हळद-काळी मिरीच्या कॅप्सूल. प्रत्येक वस्तू कुणीतरी आपुलकीने आणून दिलेली. पण यातलं नेमकं काय कशासाठी चाललंय आणि कधी बंद करायचं, हे विचारलं तर घरात कुणालाच सांगता येत नाही. याला मी भर म्हणतो. जोड म्हणजे ज्यात दुसऱ्या औषधाचं काम आधी ठरलेलं असतं, ते काम झालं की नाही हे तपासता येतं आणि न झाल्यास ते काढून टाकता येतं.

या आजारावरचं पहिलं नाव घेण्यासारखं औषध हीच एक जोड होती. स्वीडनच्या डॉ. नान्ना स्वार्ट्झ यांनी संधिवातासाठी सल्फा आणि सॅलिसिलेट एकाच रेणूत बांधलं. त्या सल्फासालाझिनचा कोलायटिसवर गुण आला. १९७७ मध्ये दोन्ही भाग वेगवेगळे देऊन पाहिले, तेव्हा कळलं की गुण सॅलिसिलेटचा. सल्फा हा निव्वळ हमाल, माल मोठ्या आतड्यापर्यंत पोचवणारा. आणि बराचसा त्रास त्या हमालाचाच होता. म्हणून त्याला वगळून मेसालामिन आलं. जोड सोडवून पाहिली नसती तर हे कळलं नसतं.

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘सॉनिक’ चाचणीचंही तेच. ॲझाथायोप्रिन आणि इन्फ्लिक्सिमॅब ही प्रतिकारशक्ती दाबणारी दोन औषधं एकेकटी आणि मिळून देऊन पाहिली; क्रोन्सचे ५०८ रुग्ण होते. २६ आठवड्यांनी आतड्यातले व्रण भरून आलेले आढळले ते नुसत्या ॲझाथायोप्रिनवर १६.५ टक्के रुग्णांत, नुसत्या इन्फ्लिक्सिमॅबवर ३०.१ टक्के, दोन्ही मिळून ४३.९ टक्के. समन्वयवाले म्हणतील, बघा, दोन भले! पण पुढच्या विश्लेषणात दिसलं की रक्तातली इन्फ्लिक्सिमॅबची पातळी सारखी असेल तर जोडीचा फायदा फारसा उरत नाही. शरीर इन्फ्लिक्सिमॅबविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं आणि ॲझाथायोप्रिन त्यांना आवर घालतं. म्हणजे इथे दुसरं औषध मुख्यतः आतड्यासाठी नव्हतंच, ते पहिल्या औषधासाठी होतं. एकदा हे कळलं की त्याची मुदतही ठरवता येते. आणि ती ठरवायलाच हवी, कारण ॲझाथायोप्रिनने पांढऱ्या पेशी घसरू शकतात आणि दबलेला क्षय इन्फ्लिक्सिमॅबने उसळू शकतो. आपल्याकडे क्षयाची तपासणी केल्याशिवाय ते सुरू करत नाहीत, ते उगाच नाही.

आता हळद. समन्वयवाल्यांचा हा हुकमी एक्का, त्यामुळे यावर थांबायला हवं. दाखला दिला जातो तो माशेलकरांच्या लढाईचा. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं अमेरिकी पेटंट १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं. माशेलकर तेव्हा प्रमुख असलेल्या सीएसआयआरने आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. अभिमानाची गोष्ट आहेच. पण तिथे सिद्ध झालं ते एवढंच, की ही कल्पना नवी नाही. हळदीने जखम किती भरते, याचा निवाडा पेटंट कार्यालयाने केलेला नाही. आतड्याच्या व्रणाचा तर प्रश्नच तिथे नव्हता.

तो प्रश्न इस्रायली संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीत होता, २०१५ मध्ये. मेसालामिन घेऊनही त्रास न थांबलेल्या ५० रुग्णांतल्या काहींना मेसालामिनबरोबर रोज ३ ग्रॅम कर्क्युमिन दिलं. महिन्याभरात त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांचा आजार आटोक्यात आला, नुसत्या मेसालामिनवरच्या एकाचाही नाही. ही जोड मला मान्य आहे. पण हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के असतं. म्हणजे ३ ग्रॅमसाठी रोज १०० ग्रॅम हळद! दिल्लीच्या एम्समध्ये रोज ४५० मिलिग्रॅम कर्क्युमिन देऊन पाहिलं, तर काही फरक पडला नाही. आणि काळी मिरी का? कर्क्युमिन रक्तात जास्त शोषलं जावं म्हणून. पण दुखणं मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराचं आहे. जे शोषलं जात नाही तेच तिथपर्यंत पोचतं. मिरी घालून आपण ते वाटेतच उतरवून घेतो. शिवाय अशा मिरीयुक्त गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी परदेशात आहेत. डब्यातली ती कॅप्सूल डॉक्टरांना सांगितलेली असते का? बहुधा नसते.

“आता काय त्रास नाही बघा काका, मग दुर्बीण कशाला घालायची?” हा प्रश्न इथे नेहमी ऐकू येतो, आणि भर टिकते ती त्याच्याच जोरावर. बरं वाटतंय याचं श्रेय डब्यातल्या कुणालाही देता येतं. व्रण भरलाय की नाही हे दुर्बिणीतूनच दिसतं, निदान शौचातल्या कॅल्प्रोटेक्टिनवरून अंदाज येतो. स्टेरॉइडने महिन्यात रक्त थांबतं, माणूस जेवू लागतो, आणि आत व्रण तसाच असू शकतो.

मी जोडीच्याच विरुद्ध आहे असा समज होऊ नये म्हणून एम्सचाच २०२२ मधला दुसरा प्रयोग सांगतो. ऐकायला सगळ्यात विचित्र. निरोगी माणसांची विष्ठा आठवड्यातून एकदा, असं सात वेळा दुर्बिणीतून आतड्यात सोडली, जोडीला दाह कमी करणारा आहार; पुढे ज्यांना गुण आला त्यांनी फक्त आहार ४८ आठवड्यांपर्यंत चालू ठेवला. अखेरीस २५ टक्के रुग्णांत लक्षणंही नव्हती आणि आतडंही शांत होतं; नेहमीच्या औषधोपचारावरच्या गटात असा एकही नव्हता. यात विष्ठेचा वाटा किती आणि आहाराचा किती, हे या मांडणीतून सांगता येत नाही. ते वेगळं करून पाहावं लागेल, जसं १९७७ मध्ये सल्फाचं केलं.