नदीची जागा कोणाची?

माझे मामा पुण्यात सिंहगड रस्त्याजवळ, मुठेच्या काठी तळमजल्यावर राहतात. २५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासला धरणातून सोडलेले पाणी एकतानगरी परिसरात शिरले, तेव्हा त्यांच्याही घरात कमरेएवढे पाणी आले. माणसे सुखरूप होती. गाद्या, फ्रिज आणि आजीची पोथ्यांची पेटी मात्र गेली. मी बेंगळुरूत बसून फोनवर फक्त ऐकत होते. मामा पुन्हा पुन्हा एकच विचारत होते, "अगं, वर धरण आहे ना? मग पूर येतोच कसा?"

मी कॉमर्सची विद्यार्थिनी. धरणातले मला काही कळत नव्हते. मग वाचू लागले. खडकवासल्यात जेमतेम दोन टीएमसी पाणी मावते. वरची पानशेत, वरसगाव आणि टेमघर धरली, तर चारही धरणांचे मिळून सुमारे २९ टीएमसी. पूर अडवायचा असेल, तर धरणात जागा रिकामी हवी. उन्हाळ्यात नळाला आणि शेताला पाणी हवे असेल, तर तेच धरण पावसाळ्याअखेर काठोकाठ हवे. एकच हंडा भरलेलाही हवा आणि रिकामाही! दरवाजे उघडणाऱ्याला दोन्हीकडून बोलणी खावी लागतात. त्या दिवशी ३५ हजार क्युसेकहून अधिक पाणी सोडावे लागले. खाली राहणाऱ्यांना वेळेत कळवणे हे कर्तव्यच आहे, त्यात सूट नाही. पण मामांच्या प्रश्नाचे उत्तर तेवढ्यात संपत नाही.

धरण लहानसहान पूर पोटात घेते. काठ दहा-बारा वर्षे कोरडा राहतो. मग कोणी भराव टाकतो, पत्र्याची शेड उभी राहते, पुढे रस्ता येतो आणि शेवटी सोसायटी. कोरडी वर्षे धरणाने दिलेली असतात. आपण समजतो, जमीनच सुरक्षित आहे.

नकाशावरची निळी पूररेषा म्हणजे साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ऐकताना वाटते, आपली पाळी अजून लांब आहे. मी वहीत हिशेब मांडला. दरवर्षी ४ टक्के शक्यता धरली, तरी २० वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात तसा पूर एकदा तरी येण्याची शक्यता ५५ टक्क्यांहून अधिक निघते. बँकेचा हप्ता ठरवताना हा आकडा कोणी काढत नाही.

हे फक्त पुण्याचे नाही. इथे मी कॉलेजसाठी रोज मॅजेस्टिकला बस बदलते. त्या जागी पूर्वी धर्मांबुधी तलाव होता. सप्टेंबर २०२२ मध्ये आउटर रिंग रोडच्या भागात लोक ट्रॅक्टरमध्ये उभे राहून ऑफिसला गेले.

अस्तेय म्हणजे दुसऱ्याचे न घेणे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण नदीची जागा घेतली, तर चोरी नेमकी कोणाची झाली? नदी तक्रार करायला येत नाही. मला वाटते, आपण घेतो ते दुसऱ्या माणसाकडूनच. भरावाने अडलेले पाणी समोरच्या काठावर चढते. आणि घर विकले, की तो धोका पुढच्याच्या नावावर होतो.

हे मला पुस्तकातून सुचलेले नाही. गेल्या दिवाळीनंतर मामांनी घर विकायला काढले. एजंटने सांगितले, नवा रंग दिलाय, खूण दिसत नाही, आपण होऊन विषय काढू नका. बघायला आलेले जोडपे माझ्याहून फार मोठे नव्हते. मामा मला म्हणाले, "मला घेताना कोणी सांगितलं होतं का? माझी सगळी बचत यात आहे." यावर माझ्याकडे चटकन उत्तर नव्हते. ते स्वतःच फसलेले होते. मी एवढेच म्हणाले, "मामा, त्यांनीही हप्ता वीस वर्षांचाच धरला असेल."

रविवारी ते दोघे परत आले, तेव्हा मामांनी भिंतीवर हात ठेवून दाखवले, पाणी इथपर्यंत आले होते. जोडपे पुन्हा आले नाही. घर अजून विकले गेलेले नाही. परवा फोनवर मामांनी विचारले, "पुढच्या गिऱ्हाइकालाही सांगायचं का गं?" मी हो म्हणाले. पैसे माझे नव्हते, हे मला ठाऊक आहे.