रोजचेपणाची साक्ष

आणीबाणी ही लष्करी राजवट नव्हती. तरीही जून १९७५ ते मार्च १९७७ या काळात पाहणे आणि नोंदणे या दोन्ही क्रिया सत्तेने आपल्या हाती घेतल्या होत्या. वृत्तपत्रांवर पूर्वनियंत्रण होते. माणसांची नोंद मात्र अथक चालू होती. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीचे विधेयकच संमत केले होते. (राष्ट्रपतींच्या संमतीअभावी ते कायदा झाले नाही.)

इंदिरा गांधींचे भित्तिपत्र कचऱ्यात नेणाऱ्या माणसाचे रघू राय यांचे १९७७ चे छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात प्रतीक आयते आहे, म्हणून ते वाचणे सोपे. अवघड आहे ते प्रतीक नसलेले चित्र. भिवंडी-वाडा रस्त्यावरील अंबाडी नाक्यावर एसटीची वाट पाहणारी माणसे कल्पावीत. आदल्या वर्षीही ती अशीच उभी असणार. भीती गेली हे कॅमेऱ्याला दिसत नाही. त्यासाठी चित्राखाली तारीख लागते, आणि तारीख लिहिताच ती माणसे साक्षीदार ठरतात. ही साक्ष त्यांनी दिलेली असते काय? ज्यांच्या नुकत्याच याद्या झाल्या त्यांच्याकडे न विचारता भिंग वळवणारा, हेतू कितीही सात्त्विक असो, यादीच वाढवतो. विचारावे, तर माणूस सदरा नीट करतो, ताठ उभा राहतो आणि रोजचेपण संपते. असे चित्र समीक्षक कृत्रिम म्हणून बाजूस सारतात. वस्तुतः आपण कसे दिसावे हे त्या माणसाने स्वतः ठरवण्याचा, बऱ्याच दिवसांनी आलेला, तो प्रसंग असतो.